शेकडो फायलींत एकच बदल

प्रश्न : अनेक मजकूर-फायलींतील एक नाव एका झटक्यात कसे बदलावे?

उत्तर : लिनक्स किंवा मॅकवर शोधण्याचे काम ‘ग्रेप’ करते, बदलण्याचे ‘सेड’. दोन्ही साधने 1970च्या दशकात बेल लॅब्जमध्ये तयार झाली. क्रम मात्र आधी शोध, मग बदल असाच हवा. ‘औरंगाबाद’चे ‘छत्रपती संभाजीनगर’ करायचे असल्यास ग्रेपला ‘आर’ आणि ‘एन’ हे पर्याय द्यावेत. उपफोल्डरांसह सगळीकडून फाईलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि ती ओळ समोर येते. ही यादी वाचण्याचा कंटाळा करू नये. बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे.

सेडच्या सूत्रात ‘एस’, जुना शब्द, नवा शब्द आणि शेवटी ‘जी’ येते, मध्ये तिरप्या रेघा. ‘जी’ लिहायचे राहून गेल्यास प्रत्येक ओळीत जुना शब्द पहिल्या ठिकाणीच बदलतो. मूळ फाईल बदलण्यासाठी ‘आय’ पर्याय लागतो. त्याला चिकटवून ‘.बॅक’ लिहिल्यास जुनी प्रत शिल्लक राहते. सेडमध्ये ‘अनडू’ नाही, त्यामुळे ही प्रत म्हणजे चैन नव्हे.

मराठी मजकुरात एक जास्तीची अडचण असते. ‘दऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : एकदा स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, एकदा साध्या ‘र’ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर फरक दिसत नाही, पण ग्रेप संकेतांक जुळवते आणि दुसरे रूप सोडून देते. अशा शब्दांसाठी ‘ई’ पर्याय दोनदा देऊन दोन्ही रूपे एकदमच शोधावीत.