नवी खिडकी, कडेला तडे

प्रश्न : जुन्या सागवानी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या बसवल्या. कडेची फट मिस्त्रीने पांढऱ्या सिमेंटने भरली, पण उन्हाळ्यातच तडे गेले आणि आता पावसाचे पाणी झिरपते. काय करावे?
– एक वाचक, खामगाव

उत्तर : खामगाव-शेगावकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या उन्हात यूपीव्हीसीची चौकट भिंतीपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते, रात्री आकसते. कडक सिमेंट तिच्यासोबत हलत नाही, म्हणून सुटते. ते सगळे खरवडून काढा, धूळ ब्रशने झाडा, फट किंचित ओली करा आणि पीयू फोम निम्माच भरा; उरलेली जागा तो फुगून व्यापतो. ठासून भरलात तर चौकट वाकेल आणि खिडकी सरकताना अडेल. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेला फोम ब्लेडने कापा. उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून त्याचा भुगा होतो, म्हणून बाहेरून न्यूट्रल सिलिकॉनची सलग पट्टी हवीच. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही. चौकटीच्या तळाशी पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोके मात्र चुकूनही बुजवू नका, नाहीतर तेच पाणी घरात उतरेल.

खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीत तिरकी भेग गेली असेल, तर दोष बहुधा खिडकीचा नाही. काळ्या मातीवरच्या घरांत पाया हलल्यानेही अशी भेग पडते. तसे असेल तर फोमवर खर्च करण्याआधी अभियंत्याला दाखवा.