बाळाच्या मेंदूचा एमआरआय: पैसे किती, दिवस कोणता, विचारायचं काय?

नवजात बाळाच्या मेंदूचा एमआरआय खासगी केंद्रात साधारण पाच ते दहा हजार रुपयांत होतो. शहर, मशीन आणि रिपोर्ट वाचणारे डॉक्टर यांवर आकडा खाली-वर होतो. बाळ जन्मल्यावर रडलं नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, झटके आले आणि आता बाळ एनआयसीयूत आहे, अशा वेळी घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. कोणी दराची चौकशी करत बसत नाही, आणि नको ते पैसे नेमके तिथेच जातात.

सगळ्यात आधी तारीख ठरवून घ्या. पहिल्या दिवशीच्या एमआरआयमध्ये इजा प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दिसू शकते. साधारण चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत ‘डिफ्यूजन’ चित्रांत ती ठळक दिसते, नंतर तीच चित्रं पुन्हा सामान्य वाटू लागतात. बाळाला 72 तास थंड ठेवण्याचा उपचार चालू असेल, तर शरीर पुन्हा उबदार झाल्यावरच तपासणी करतात. घाई करून दुसऱ्या दिवशी केलेला एमआरआय पुढच्या आठवड्यात पुन्हा करावा लागला, तर खर्च दुप्पट आणि बाळाची हलवाहलवही दुप्पट. तोवर खाटेजवळच होणारी डोक्याची सोनोग्राफी पुरते. ती एक-दोन हजारांच्या आसपास होते आणि रक्तस्राव किंवा सूज आहे का, ते सांगते. या कामासाठी सीटी स्कॅन सुचवला, तर तो कशासाठी हे जरूर विचारा. त्यात किरणोत्सर्ग असतो.

आता बिलातल्या बाकीच्या ओळी पाहू. नुसत्या ऑक्सिजन कमतरतेच्या तपासणीला सहसा कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही, त्यामुळे ते लावलं असेल तर कारण विचारा. भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी दोन-चार हजार रुपये वेगळी लागते, पण पुष्कळ बाळांना भूल लागतच नाही. तपासणीच्या थोडं आधी पोटभर दूध पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कान झाकायचे, की बाळ झोपून जातं. ‘दूध पाजून, गुंडाळून जमेल का?’ असं केंद्राला फोनवरच विचारा. जाण्याआधी वाळे, मनगट्या, धातूची बटणं काढून ठेवा. मशीन रुग्णालयाबाहेर असेल, तर डॉक्टर आणि व्हेंटिलेटर असलेल्या खासगी रुग्णवाहिकेचे पैसे एमआरआयपेक्षाही जास्त होऊ शकतात. तो आकडा आधीच विचारून घ्या.

‘स्पेक्ट्रोस्कोपी’ ही जादा तपासणी आणखी एक ते तीन हजार मागते. याच तपासणीवर 2019 साली ब्रिटन-अमेरिकेतल्या 223 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या गाभ्यातल्या थॅलॅमसमधल्या एनएए या रसायनाच्या प्रमाणावरून पुढचा अंदाज फार अचूक बांधता आला, असं त्यात आढळलं. मात्र ती मोजणी ठरावीक शिस्तीने केलेली होती. म्हणून तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी मागितली असेल तरच ती करा. त्यापेक्षा नवजात बाळांचे एमआरआय नेहमी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून रिपोर्ट मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं. फिल्मबरोबर सीडी मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं झालं, तर नवा एमआरआय न करता तीच चित्रं दाखवता येतात.

सरकारी रुग्णालयात आजारी अर्भकाच्या तपासण्या, औषधं आणि नेणं-आणणं मोफत आहे. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने तो हक्क दिला आहे, आणि जन्मानंतर वर्षभर तो लागू असतो. खासगीत दाखल असाल, तर ते रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा आणि शिधापत्रिका सोबत ठेवा. धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. हे मागताना संकोच करू नका.

रिपोर्ट हाती आल्यावर एकच शब्द वाचून निष्कर्ष काढू नका. मेंदूच्या गाभ्यात, म्हणजे बेसल गँग्लिया आणि थॅलॅमसमध्ये, मोठी इजा असेल तर हातापायांच्या हालचालींवर परिणाम होऊन सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो. इजा पांढऱ्या भागात असेल तर हालचाल चांगली राहूनही बोलणं, शिकणं यांतल्या अडचणी पुढे, कधी शाळेच्या वयात दिसतात. एमआरआय सामान्य असेल तर आशा मोठी असते, तरी पाठपुरावा सोडायचा नाही. मध्यम इजेत कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. तिथे एमआरआयइतकीच झटके, दूध ओढणं, ईईजी आणि पुढच्या महिन्यांतली वाढ महत्त्वाची ठरते.

घरी सोडण्याआधी कानाची तपासणी झाली का, ते पाहा. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत फिजिओथेरपी आणि विकासाच्या तपासण्या होतात. तिथे नाव नोंदवा. पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयची सीडी सोबत न्या.