पायधुणी ते नरिमन पॉइंट : मुंबईच्या भूमीची नावे

पोशीर येथे दर्शनास येणाऱ्या भाविकांमध्ये मुंबईकरांची संख्या मोठी असते. कार्यालयात देणगीची पावती लिहिताना पायधुणी, उमरखाडी, चिंचबंदर, शीव असे पत्ते वारंवार येतात. या पत्त्यांवर आज कोठेही समुद्र दिसत नाही. नावांत मात्र तो अद्याप आहे.

मूळची मुंबई म्हणजे कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम ही सात बेटे. भरतीचे पाणी वरळी व महालक्ष्मी यांमधील खिंडारातून आत शिरे आणि मधला सखल प्रदेश बुडून जाई. चिखल तुडवीत मुंबई बेटावर येणारे लोक जेथे पाय धूत, ती पायधुणी. उमरखाडी ही खरोखरच खाडी होती. शीव म्हणजे हद्द. तेथे मुंबईची बेटे संपत व पलीकडे साष्टी लागे. 16 एप्रिल 1853 रोजी पहिली आगगाडी ठाण्याकडे निघाली, तीही बोरीबंदराहून.

हे खिंडार बुजविण्याचे काम गव्हर्नर हॉर्नबी (1771 ते 1784) यांच्या कारकिर्दीत झाले. बांध पुनःपुन्हा खचत असता रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थांना देवीचा दृष्टान्त झाला, खाडीतून मूर्ती निघाल्या आणि मग बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. ती श्रद्धेने ऐकावी. इतिहास म्हणून मात्र सांगू नये. महालक्ष्मीचे आजचे मंदिर 1831 मध्ये धाकजी दादाजी यांनी बांधविले. हॉर्नबी वेलार्ड हे बांधाचे जुने नाव. त्यातील 'वेलार्ड' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून, बांध वा कुंपण या अर्थी आला. आता तेथे लाला लजपतराय मार्ग आहे.

देणगीदारांनी माहीमची हकीकत अवश्य लक्षात घ्यावी. माहीम व वांद्रे यांना जोडणारा मार्ग 1845 मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी 1,57,000 रुपये दिले. अट एवढीच, की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पथकर घेऊ नये.

पुढे भूमीची नावे व्यक्तींची होऊ लागली. बॅकबेच्या भरावातील गैरकारभारावर 1920 च्या दशकात खुर्शेद नरिमन यांनी कडक टीका केली. पुढे त्याच भरावावर उभ्या राहिलेल्या भागास नरिमन पॉइंट म्हणतात! 2024 पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या किनारी मार्गासाठीही वरळी भागात समुद्रात भराव घालण्यात आला. त्या मार्गास छत्रपती संभाजी महाराजांचे नाव आहे. थोरांची नावे द्यावीत, परंतु तेथे पूर्वी पाणी होते हे अशा नावांवरून कळत नाही.

म्हणून मुंबईकर भाविकांना नम्र विनंती आहे, की पावतीसाठी पत्ता सांगताना केवळ इमारतीचे नाव व पिनकोड न देता विभागाचे जुने नावही सांगावे. कार्यालयात ते आवर्जून लिहून घेतले जाईल.