मालकी एकाची, कारभार दुसऱ्याचा

चंद्रपूर जिल्ह्यातील आजच्या कोरपना तालुक्यात, आवारपूर येथे लार्सन अँड टुब्रो कंपनीचा सिमेंट कारखाना १९८३ मध्ये सुरू झाला. २००४ मध्ये तो अल्ट्राटेकचा झाला. चुनखडी तीच, भट्टी तीच. मालक मात्र बदलला. हा बदल कसा झाला याचा विचार करू लागलो की अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्न पुढे उभा राहतो : पगारदार व्यवस्थापक निर्णय घेताना कोणाचे हित पाहतो?

परक्याचा पैसा सांभाळणारा माणूस स्वतःच्या पैशाइतकी काळजी घेणार नाही, अशी शंका ॲडम स्मिथने १७७६ मध्येच व्यक्त केली होती. पुढे १९३२ मध्ये बर्ल आणि मीन्स या अमेरिकन अभ्यासकांनी दाखवून दिले की मोठ्या कंपन्यांत मालकी हजारो भागधारकांत विखुरते आणि सत्ता व्यवस्थापकांच्या हाती जाते.

आपल्याकडील उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची फळी लागते. समजा, ठेकेदाराने मुन्शीचा मेहनताना केवळ पुड्यांच्या संख्येवर ठरवला, तर फाटके पानही पुड्यात खपेल. उलट खराब पुड्याची किंमत मुन्शीच्याच पगारातून कापली, तर तो चांगला पुडाही परत करील आणि नुकसान पाने तोडणाऱ्या बाईचे होईल. मुन्शी तोच, अट बदलली की निवाडा बदलतो.

कंपनीचेही असेच आहे. कंपनी मोठी झाली की व्यवस्थापकाचा पगार व प्रतिष्ठा वाढते, म्हणून नफा न वाढला तरी दुसरी कंपनी विकत घेण्याचा मोह त्याला होतो. उलट जी कंपनी विकली जायची, तिच्या व्यवस्थापकाची खुर्ची जाते. म्हणून भागधारकांना चांगला भाव मिळत असला तरी तो विरोध करू शकतो. याला दुसरी बाजूही आहे. आळशी कारभार केल्यास कोणीतरी कंपनी ताब्यात घेईल, ही भीतीच व्यवस्थापकाला जागे ठेवते, असे हेन्री मान यांनी १९६५ मध्ये मांडले.

आता पुन्हा आवारपूरकडे वळू. लार्सन अँड टुब्रो ही १९३८ मध्ये दोन डॅनिश अभियंत्यांनी स्थापिलेली कंपनी. पुढे तिच्यावर कोणा एका घराण्याची मालकी राहिली नाही. मोठे भाग आयुर्विमा महामंडळासारख्या सार्वजनिक संस्थांकडे आणि कारभार व्यावसायिक व्यवस्थापकांकडे, अशी तिची रचना होती. नोव्हेंबर २००१ मध्ये रिलायन्सने आपल्याकडील १०.०५ टक्के भाग बिर्ला समूहाच्या ग्रासिमला प्रत्येकी ३०६ रुपये ६० पैसे दराने विकले. हा दर बाजारभावाहून पुष्कळ चढा होता, कारण ग्रासिमचा डोळा सिमेंट व्यवसायावर होता. व्यवहार १५ टक्क्यांच्या आत असल्याने सेबीच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे सामान्य भागधारकांना तोच भाव देण्याचे बंधन नव्हते. ऑक्टोबर २००२ मध्ये त्यांच्यासाठी खुला देकार आला, तो १९० रुपयांचा!

ए. एम. नाईक यांच्या नेतृत्वाखालील व्यवस्थापनाने कंपनी ताब्यात जाऊ देण्यास विरोध केला. अखेर २००३ मध्ये तडजोड झाली. सिमेंट व्यवसाय वेगळा काढून त्याचे नियंत्रण ग्रासिमला मिळाले, आणि लार्सन अँड टुब्रोमधील ग्रासिमचे भाग कर्मचाऱ्यांच्या कल्याणासाठीच्या संस्थेने घेतले.

यात स्वार्थ होता की कंपनीनिष्ठा? माझ्या मते दोन्ही एकाच गाडीत बसले होते. व्यवस्थापकांच्या खुर्च्या राहिल्या, हे खरे. कर्मचारी कंपनीचे मोठे भागधारक झाले, हेही तितकेच खरे. मात्र या स्वातंत्र्याची किंमत म्हणून आवारपूर दुसऱ्याच्या हाती गेले. मुंबईत राखलेली स्वायत्तता आवारपूरच्या कामगाराच्या वाट्याला आली नाही.

गंमत अशी की याच कंपनीने २०१९ मध्ये माइंडट्री ही संगणक क्षेत्रातील कंपनी तिच्या संस्थापकांचा उघड विरोध असताना ताब्यात घेतली. एकेकाळी आक्रमण वाटणारी गोष्ट आता विस्तार ठरली. माणसाची तत्त्वे बरेचदा तो टेबलाच्या कोणत्या बाजूला बसला आहे त्यावर ठरतात.

हा विषय आपल्यासाठी केवळ परीक्षेपुरता नाही. गडचांदूरचा माणिकगड कारखाना २०१९ मध्ये अल्ट्राटेककडे गेला, तर एसीसीचा चांदा कारखाना २०२२ मध्ये कंपनीबरोबर अदानी समूहाकडे. असा सौदा जाहीर झाला की 'सर्वांच्या हिताचा' हे शब्द हमखास येतात. तेव्हा आपण तीन प्रश्न विचारावेत : सही करणाऱ्याला काय मिळाले? लहान भागधारकाला तोच भाव मिळाला काय? आणि ज्यांची जमीन व श्रम त्या कारखान्यात गेले, त्यांचे मत कोणी विचारले काय? व्यवस्थापक साधू असावा अशी अपेक्षा व्यर्थ आहे. त्याचा लाभ सर्वांच्या लाभाशी जोडणाऱ्या अटी घालणे आपल्या हाती आहे. अर्थशास्त्राने आपल्याला एवढे शिकवले तरी ते पुष्कळ झाले.