कार्ब्युरेटर काढून घरीच इंजेक्शन?

प्रश्न : जुन्या मोटारसायकलला घरीच इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवता येईल का? (एक वाचक, माहुल)

उत्तर : येईल. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांच्या मेगास्क्वर्ट या इंजेक्शन-नियंत्रकाने हौशी मंडळींना ही वाट दाखवली. आता आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डवर चालणारा स्पीडुइनो हा नियंत्रकही आहे. सुटे भाग जमवणे सोपे, पेट्रोलचे माप जुळवणे मात्र जिकिरीचे.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. माहुलला रिफायनरी शेजारी असली तरी पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलवाले. त्याला साधारण १३.५ पुरते. शुद्ध पेट्रोलसाठीचे मापाचे जुने कोष्टक नियंत्रकात तसेच वापरले, तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापते. म्हणून सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर हवाच.

इंजेक्शनला पेट्रोल पुरवणाऱ्या इंधनपंपाचा दाब ३ बारच्या आसपास असतो. कार्ब्युरेटरची साधी रबरी नळी तिथे चालत नाही. फुटली तर तापल्या इंजिनावर पेट्रोलचा फवाराच!

शिवाय गाडीत फेरफार करण्यावर बंधने घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. त्यामुळे हा खटाटोप रस्त्यावरच्या गाडीवर नको, स्टँडवर बांधलेल्या सुट्या इंजिनावर करावा.