मोटरहोमची काच आणि काचेमागची चौकट

मोटरहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, पुढच्या काचेचा विम्याचा क्लेम सरळ जाणार की रखडणार, हे बरेचसे गाडीच्या वर्गावर ठरते. अमेरिकेत या गाड्यांचे तीन वर्ग मानतात. क्लास बी आणि क्लास सी गाड्या फोर्ड ट्रान्झिट किंवा मर्सिडीज स्प्रिंटरसारख्या व्हॅनवर बांधलेल्या असतात. त्यांची काच त्या व्हॅनचीच असते आणि बहुतेक काचवाल्यांकडे सहज मिळते, त्यामुळे त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. घोळ होतो तो क्लास एच्या बाबतीत. बससारख्या सपाट तोंडाच्या या गाडीची काच कधी अखंड असते, तर कधी मधोमध जोड असलेली दुतुकडी. ती लाकडी खोक्यातून मालट्रकने येते आणि बसवायला दोघे-तिघे लागतात. त्यातच फ्लीटवुड आणि मोनॅको या दोन मोठ्या उत्पादकांनी मार्च २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांच्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, पण त्यांची नेमकी काच शोधताना मालकाचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून काचेच्या कोपऱ्यातल्या छापील शिक्क्याचा फोटो काच धड असतानाच काढून ठेवावा. त्यात काचेच्या उत्पादकाचा डीओटी (अमेरिकी परिवहन खात्याचा) क्रमांक आणि काचेचा प्रकार असतो. पुढच्या काचेवर 'एएस-१' असे लिहिलेले असायला हवे.

विमा कंपनी आधी कारण विचारते. दगड उडाला, फांदी पडली, गारा लागल्या, तर नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात, म्हणजे टक्करीखेरीज इतर नुकसानीच्या विम्यात, बसते. झीज, गंज, बनावटीतला दोष किंवा आधीच्या कारागिराची चूक असेल तर बसत नाही. क्लास एमध्ये ही सीमारेषा पुसट होते, कारण गाडीचा सांगाडाच पिळवटत असतो. खराब रस्त्यावर तो हलतो आणि मुक्कामी गाडी जॅकवर समतल करताना एक कोपरा जास्त उचलला गेला तरी काचेवर ताण येतो. अशा ताणाचा तडा कडेपासून निघतो आणि त्यावर आघाताचा ठिपका नसतो. तड्यावरून बॉलपेनचे टोक हलकेच फिरवले, तर दगडाने उडालेल्या टवक्यात ते अडकते. टवका सापडला, तर शेजारी नाणे ठेवून फोटो काढावा आणि तारीख व रस्ता लिहून ठेवावा. 'सकाळी उठून पाहिले तर तडा दिसला' हे फोनवर सहज बोललेले वाक्य कंपनीच्या नोंदीत जाते आणि नकाराच्या पत्रात परत भेटते. याचा अर्थ टवका नसताना दगडाची गोष्ट रचावी असा नाही. तो गुन्हा आहे, शिवाय विमा कंपनीच्या अ‍ॅडजस्टरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याने, अशा काचा मालकापेक्षा कितीतरी जास्त पाहिलेल्या असतात.

डिडक्टिबल, म्हणजे मालकाने स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, बहुधा पाचशे ते हजार डॉलर असते. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचे नियमन राज्यांकडे ठेवले आहे, त्यामुळे नियम राज्यागणिक बदलतात. फ्लोरिडा, केंटकी आणि साउथ कॅरोलिनात कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असेल तर पुढच्या काचेवर डिडक्टिबल लागत नाही. वर्षभर मोटरहोममध्येच राहणारे अनेकजण कागदोपत्री पत्ता फ्लोरिडा, टेक्सस किंवा साउथ डकोटातला ठेवतात. काच कुठे फुटली याने फारसा फरक पडत नाही, पॉलिसी कोणत्या राज्यातली आहे ते पाहावे लागते. छोट्या टवक्याची रेझिन भरून दुरुस्ती अनेक कंपन्या डिडक्टिबल न लावता करून देतात. तडा डॉलरच्या नोटेहून, म्हणजे सुमारे सहा इंचांहून लांब गेला की काच बदलावी लागते, असा तिथला ढोबळ हिशेब आहे.

क्लेमचा फोन बऱ्याचदा विमा कंपनीत न जाता काचेचे क्लेम हाताळणाऱ्या दुसऱ्याच संस्थेकडे वळतो. तिथला माणूस यादीतले दुकान सुचवतो. ते मोटारींची काच उत्तम बसवत असेलही, पण क्लास एची काच कधी हाताळलेली नसेल तर महिनाभर थांबून चुकीच्या मापाची काच येते. अनेक राज्यांत ठरावीक दुकानाचीच सक्ती विमा कंपनीला करता येत नाही. गाडीचा मालक स्वतः दुकान निवडणार असेल तर आधी लेखी अंदाजपत्रक घ्यावे, विमा कंपनीची लेखी मंजुरी मिळवावी आणि मगच कामाला हात लावू द्यावा. काच, वाहतूक, रबर, मजुरी हे आकडे वेगवेगळे मागावेत. दारात येऊन भेटवस्तूसकट 'फुकट काच' देऊ करणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावे. क्लेमचे हक्क दुकानाच्या नावे लिहून घेण्यावर आणि अशा आमिषांवर फ्लोरिडाने २०२३ मध्ये कायद्याने बंदी घातली.

सर्वांत महत्त्वाचा क्षण जुनी काच निघाल्यानंतरचा. काही गाड्यांत काच रबरी पट्टीत दोरीच्या साहाय्याने ओढून बसवतात, तर काहींत युरेथेन या चिकट पदार्थाने चिकटवतात. रबराखाली वर्षानुवर्षे पाणी मुरलेले असते आणि चौकट लोखंडी असेल तर ती गंजलेली निघते. गंज विम्यात नाही, म्हणून दुकान त्यावरच नवी काच बसवून मोकळे होते. मग काच पुन्हा गळते किंवा तडकते. विमा कंपनी म्हणते काम वाईट, दुकान म्हणते चौकट वाईट, आणि पुरावा काचेमागे बंद झालेला असतो. म्हणून जुनी काच निघाल्यावरच्या अर्ध्या तासात मालकाने तिथे हजर राहून चौकटीचे चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. गंज दिसला तर काम थांबवावे, तो खरवडून रंगवण्याचा खर्च स्वतः भरावा आणि तसे बिलावर लिहून घ्यावे. हा खर्च टाळणारा मालक पुढे त्याच्या कितीतरी पट खर्च करतो.

अपघातात काच जागेवर टिकावी यासाठीचे केंद्रीय मानक सुमारे ४,५३६ किलोपर्यंतच्या गाड्यांनाच लागू आहे. मोठ्या मोटरहोम त्यापेक्षा जड असतात, म्हणून त्यांची सारी भिस्त कारागिरावर असते. दुकान ऑटो ग्लास सेफ्टी कौन्सिलकडे नोंदलेले आहे का, हे विचारावे. युरेथेन सुकायचा वेळ तापमान आणि दमटपणावर अवलंबून असतो. गाडी किती तासांनी हलवायची ते लेखी घ्यावे. काच बसवताना गाडी सपाट जागी, पीळ न पडता उभी असावी. काम संपल्याच्या कागदावर सही करण्याआधी रबरी नळीने काचेवर पाणी सोडून आतून हात फिरवून पाहावा.

क्लेम नाकारला गेला, तर पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागावे आणि जुन्या काचेचा टवका असलेला तुकडा जपून ठेवावा. पुढची दाद राज्याच्या विमा खात्याकडे किंवा स्मॉल क्लेम्स कोर्टात मागता येते.

हे सारे गाडीच्या मालकासाठी; अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईवडिलांना घेऊन यलोस्टोनला निघणारी मराठी कुटुंबे बहुधा मोटरहोम भाड्यानेच घेतात. तिथे भाडेकरारात काचेचे कलम वेगळे असते का, ते आधी वाचावे. ताबा घेताना काचेवरचे जुने टवके मोजून भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या माणसासमोर कागदावर उतरवावेत.