निकाल पंचांचा, नातं ब्रीडरांचं

प्रश्न : श्वानप्रदर्शनात आमची कारवान मादी जातीतल्या अंतिम निवडीत हरली. जिंकलेला नर कर्नाटकातल्या ब्रीडरचा. घरी तो त्याला मुधोळच म्हणतो. ‘जातच वेगळी, तक्रार कर,’ असं मित्र सांगतात. काय करावं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : तक्रार नको. आधी त्या ब्रीडरचं मनापासून अभिनंदन करा. प्रदर्शनात प्रत्येक कुत्रा जातीच्या लिखित मानकाशी ताडून पाहतात आणि निकाल हे त्या दिवशीचं त्या पंचांचं मत असतं. रिंगमधलं काम आटोपलं की तुमच्या मादीची चाल, खांदे, छाती यांबद्दल त्यांना शांतपणे विचारा. नावाचं म्हणाल, तर जात एकच, नावं दोन: केनेल क्लब ऑफ इंडिया ‘कारवान हाउंड’ नोंदवतो आणि २००५च्या टपाल तिकिटावर ‘मुधोळ हाउंड’ आहे. त्यावरून वैर कशाला?

मला काळजी वाटते ती रक्ताची. नर-मादी दोघंही दिसायला ठणठणीत, पण दोघांत एकच सुप्त जनुकीय दोष असेल, तर सरासरी चारांतलं एक पिल्लू आजारी निघतं. ईर्षेपोटी आपल्याच घराण्यातले नर वापरत राहिलं की हा धोका वाढत जातो. म्हणून त्या ब्रीडरशी बोला. आपल्याकडे कोणती पिल्लं दगावली, कशात दोष निघाला, हे आधी तुम्ही सांगा. मग तोही मोकळा होईल. पुढच्या माजाला त्याच नराचा विचार करायला हरकत नाही, मात्र दोन्ही वंशावळी पशुवैद्यांना दाखवूनच.